ल्यूपस आणि कर्करोग : भीती किती, दक्षता किती?

रुग्णालयात परिचारिका म्हणून तीस वर्षे नोकरी करताना आणि निवृत्त झाल्यानंतरही एक प्रश्न मला वारंवार विचारला गेला आहे. "ल्यूपस झालेल्या माणसाला पुढे कॅन्सर होतो, हे खरे का?" या प्रश्नामागे केवढी भीती दडलेली असते आणि त्या भीतीपोटी माणसे स्वतःचे किती नुकसान करून घेतात, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी मी हाच विषय निवडला.

आमच्या वसाहतीतील एका मुलीची हकीकत प्रथम सांगते. ती बी. एड. करीत होती. सांधे दुखणे, गालांवर लाल चट्टा, केस गळणे, अंगात बारीक ताप अशा तक्रारी सुरू झाल्या आणि तपासणीत ल्यूपसचे निदान झाले. डॉक्टरांनी स्टिरॉईडच्या गोळ्या, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि अझाथायोप्रिन अशी औषधे दिली. पाच-सहा महिन्यांत तिला चांगला आराम पडला. मात्र एके दिवशी तिने गोळ्यांच्या खोक्यातील इंग्रजी माहितीपत्रक वाचले. त्यात कर्करोगाचा धोका संभवतो, असा इशारा होता. त्यातच कोणीतरी सांगितले, "अगं, या तर कॅन्सरवाल्यांच्या गोळ्या!" मुलगी घाबरली. घरात कोणालाही न सांगता तिने सगळ्या गोळ्या बंद केल्या. अडीच महिन्यांनी तिचे पाय सुजले, चेहरा सुजला, लघवीला फेस येऊ लागला. ल्यूपसने मूत्रपिंडांवर हल्ला केला होता. वेळेवर दाखल केल्यामुळे मूत्रपिंडे वाचली, परंतु वर्ष वाया गेले. खाटेवर पडल्या पडल्या तिने मला विचारले, "मावशी, गोळ्या घेतल्या तर कॅन्सर, नाही घेतल्या तर किडनी. मी करू तरी काय?"

हा लेख म्हणजे तिच्या प्रश्नाचे उत्तर होय.

ल्यूपस म्हणजे काय?

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक यंत्रणा असते. तिला आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो. बाहेरचे कोण आणि आपले कोण, हे ओळखणे हे तिचे पहिले काम. ल्यूपस या आजारात तिची ही ओळख चुकते आणि ती आपल्याच शरीराच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते. राखणदारानेच घरच्या माणसांवर काठी उगारावी, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे त्वचा, सांधे, रक्त, फुप्फुसांचे आवरण, मूत्रपिंडे, मेंदू अशा कोणत्याही अवयवाला सूज येऊ शकते. दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि बहुतेकींना हा आजार तरुणपणी, म्हणजे पंधरा ते पंचेचाळीस या वयात होतो.

'ल्यूपस' या लॅटिन शब्दाचा अर्थ लांडगा. पूर्वी चेहऱ्यावरील खोल व्रणांना युरोपात हे नाव देत असत. त्वचेच्या क्षयरोगाच्या एका प्रकारालाही 'ल्यूपस व्हल्गारिस' म्हणतात. त्याचा या आजाराशी संबंध नाही. आणखी एक गोष्ट येथेच स्पष्ट करावीशी वाटते. ल्यूपस हा स्वतः कर्करोग नाही. तो संसर्गजन्यही नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, तिचे कपडे वापरल्याने किंवा तिची शुश्रूषा केल्याने तो कोणालाही होत नाही.

हा प्रश्न आताच का उद्भवला?

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात ल्यूपसच्या रुग्णाला कर्करोग होईल का, हा प्रश्नच कोणी विचारीत नसे. कारण तेवढे आयुष्यच रुग्णाच्या वाट्याला येत नसे. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. हारग्रेव्हज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाची ओळख पटविणारी 'एल.ई. पेशी' शोधून काढली. त्याच सुमारास कॉर्टिसोन हे स्टिरॉईड औषध हाती आले. तरीही १९५० च्या दशकात निदानानंतर चार-पाच वर्षांत जवळजवळ निम्मे रुग्ण दगावत असत. आज चांगले उपचार मिळाले, तर नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण पाच वर्षांचा टप्पा ओलांडतात आणि त्यांतील बहुतेक पुढेही अनेक वर्षे जगतात, शिकतात, नोकरी करतात, संसार करतात.

माणूस जितका अधिक जगेल, तितका उतारवयातील आजारांचा विचार त्याला करावा लागतो. कर्करोग हा त्यांपैकीच एक. म्हणजे हा प्रश्न निर्माण झाला, तो मुळात उपचारांच्या यशामुळे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

मोजदाद काय सांगते?

या विषयावरील एक मोठा अभ्यास कॅनडातील मॉन्ट्रियल येथील डॉ. साशा बर्नात्स्की आणि अनेक देशांतील त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यात ३० केंद्रांतील १६,४०९ ल्यूपस रुग्णांची माहिती घेतली होती. प्रत्येक रुग्णावर सरासरी ७.४ वर्षे लक्ष ठेवले गेले आणि त्यांच्या नोंदी त्या त्या प्रदेशातील कर्करोग नोंदणीशी ताडून पाहण्यात आल्या. एकूण ६४४ कर्करोग आढळले. त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांत जेवढे कर्करोग अपेक्षित होते, त्यांच्याशी तुलना केली असता हे प्रमाण १.१४ पट निघाले. म्हणजेच जेथे १०० कर्करोग अपेक्षित होते, तेथे ११४ झाले. याचा दुसरा अर्थ असा, की १६ हजारांवर रुग्णांपैकी १५,७०० हून अधिक रुग्णांना त्या काळात कर्करोग झाला नाही.

एकूण वाढ थोडी असली, तरी सर्व कर्करोगांची गोष्ट सारखी नाही, हेही या अभ्यासातून दिसून आले. रक्त व लसिका ग्रंथींचे कर्करोग तिपटीने जास्त होते. त्यांतही 'नॉन-हॉजकिन लिम्फोमा' हा लसिका ग्रंथींचा कर्करोग ४.३९ पट आढळला. फुप्फुसाचा कर्करोग १.३० पट, थायरॉईडचा १.७६ पट आणि स्त्रियांच्या बाह्य जननेंद्रियाचा कर्करोग ३.७८ पट होता. याउलट स्तनाचा कर्करोग अपेक्षेपेक्षा कमी, म्हणजे ०.७३ पट, आणि गर्भाशयाच्या अस्तराचा तर निम्म्याहूनही कमी, म्हणजे ०.४४ पट आढळला. थोडक्यात, तराजूची एक बाजू वर गेली, तर दुसरी खाली आली. म्हणून एकूण वाढ थोडीच दिसते.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. हे रुग्ण बहुतांशी उत्तर अमेरिका व युरोपातील आहेत. आपल्याकडे कोणता कर्करोग अधिक होतो, हे आपल्या सवयींवर आणि आपल्या परिस्थितीवर अवलंबून असते. तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांचे प्रमाण आपल्या देशात मोठे आहे. म्हणून परदेशी आकड्यांतून दिशा समजून घ्यावी, पण आपल्या घरातील धोके नजरेआड करू नयेत.

'चौपट' म्हणजे नेमके किती?

'चौपट धोका' हे शब्द ऐकले की माणसाच्या छातीत धस्स होते. परंतु कशाच्या चौपट, हे विचारल्याशिवाय या शब्दांना अर्थ नाही. समजा, एखाद्या ठिकाणी ल्यूपस नसलेल्या १ लाख लोकांपैकी वर्षभरात ५ जणांना लिम्फोमा होतो. तर ४.३९ पट या हिशेबाने ल्यूपस असलेल्या १ लाख लोकांपैकी सुमारे २२ जणांना तो होईल. उरलेल्या ९९,९७८ जणांना त्या वर्षी तो होणार नाही. खिशात चार आणे असलेल्या माणसाची संपत्ती चौपट झाली, तरी तो एक रुपयाचाच धनी होतो. दुर्मिळ गोष्ट चौपट झाली, तरी ती बहुधा दुर्मिळच राहते.

याचा अर्थ दुर्लक्ष करावे असा मुळीच नाही. भीती मोजून घ्यावी आणि दक्षताही मोजूनच घ्यावी, एवढेच सांगायचे आहे.

लसिका ग्रंथींचा कर्करोग का वाढतो?

प्रतिपिंडे तयार करण्याचे काम रक्तातील 'बी पेशी' करतात. ल्यूपसमध्ये या पेशींना वर्षानुवर्षे विश्रांती मिळत नाही. त्या सतत चेतविल्या जातात आणि पुन्हा पुन्हा विभागत राहतात. पेशी विभागताना तिच्या जनुकांची नक्कल करावी लागते. जितक्या वेळा नक्कल, तितकी चूक होण्याची शक्यता अधिक. एखादी चूक अशी होते, की त्या पेशीला थांबणेच ठाऊक राहत नाही. तेथे लिम्फोमाची सुरुवात होऊ शकते. ल्यूपसच्या रुग्णांत दिसणारा लिम्फोमा बहुतेक वेळा याच बी पेशींचा असतो. रिटुक्सिमॅब हे औषध १९९७ साली लिम्फोमावर वापरण्यासाठी मंजूर झाले आणि पुढे तेच औषध काही गंभीर ल्यूपस रुग्णांतही डॉक्टर वापरू लागले, यावरून या दोन आजारांतील समान दुवा ध्यानात येईल.

येथे एक व्यावहारिक अडचण आहे. ल्यूपस जोरात असताना मानेत, काखेत किंवा जांघेत गाठी येतात आणि त्या साध्या असतात. आपल्या देशात क्षयरोगामुळेही मानेत गाठी येतात, आणि स्टिरॉईड घेणाऱ्या रुग्णाला क्षयरोगाचा धोका जास्त असतो. म्हणून गाठ दिसली की लगेच कर्करोग समजून रडत बसणे चुकीचे, आणि 'ल्यूपसचीच असेल' म्हणून सोडून देणेही चुकीचे. जी गाठ तीन-चार आठवड्यांत जात नाही, वाढत जाते, टणक लागते, किंवा जिच्याबरोबर रात्री दरदरून घाम, रेंगाळणारा ताप आणि वजनात घट असते, ती डॉक्टरांना दाखवावी. तिचा तुकडा काढून तपासल्याशिवाय खरे निदान होत नाही. तुकडा काढल्याने रोग पसरतो, हा समज निराधार आहे.

स्त्रियांनी विशेष ध्यानात ठेवावे असे

गर्भपिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा, कर्करोग भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या खालोखाल आढळतो. २०२२ सालच्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना तो होतो आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने मृत्यू पावतात. हा कर्करोग 'एच.पी.व्ही.' नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू अत्यंत सामान्य आहे. लैंगिक जीवन सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी लागतो. त्यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. निरोगी शरीर एक-दोन वर्षांत बहुधा त्याला हुसकावून लावते.

ल्यूपसच्या स्त्रियांत, विशेषतः प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्यांत, हा विषाणू अधिक काळ ठाण मांडून बसतो. त्यामुळे गर्भाशयमुखावरील कर्करोगपूर्व बदल त्यांच्यात जास्त आढळतात. बाह्य जननेंद्रियाच्या कर्करोगातही याच विषाणूचा हात अनेकदा असतो. परंतु यातच आशेचीही जागा आहे. कर्करोगपूर्व बदलापासून प्रत्यक्ष कर्करोग होईपर्यंत सर्वसाधारणपणे अनेक वर्षे जातात. तेवढ्या अवधीत तपासणी झाली, तर लहानशा उपचाराने पुढचा अनर्थ टळतो.

याचा पुरावा शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. तो आपल्या मराठवाड्यातच मिळाला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील खेड्यांमध्ये ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक निरोगी स्त्रियांना घेऊन १९९९ पासून एक मोठा अभ्यास करण्यात आला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय त्यात सहभागी होते. २००९ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या गटातील स्त्रियांची एच.पी.व्ही. तपासणी एकदाच झाली होती, त्या गटात आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले. मुंबईतील वस्त्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये दुसरा अभ्यास केला. त्यात दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन व्हिनेगर लावून करावयाची साधी तपासणी शिकविली होती. तेथे या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आपल्यासारख्या साध्या घरांतील बायकांच्या सहभागातूनच हे ज्ञान जगाला मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे.

हे दोन्ही अभ्यास सर्वसाधारण स्त्रियांमधील होते. ज्यांना धोका अधिक, त्या ल्यूपसच्या स्त्रियांना तर तपासणीचे महत्त्व दुप्पट आहे. शासनाच्या कार्यक्रमानुसार तीस वर्षांवरील स्त्रियांची ही तपासणी पाच वर्षांतून एकदा सांगितलेली आहे. ल्यूपससाठी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्या स्त्रियांनी ती याहून लवकर व कमी अंतराने करावी का, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. माझा अनुभव असा, की ल्यूपसच्या रुग्णाची दर महिन्याला रक्त-लघवी तपासली जाते, पण या तपासणीची आठवण कोणालाच राहत नाही. रुग्ण लाजते आणि डॉक्टर घाईत असतात. म्हणून आपणच विचारावे.

या विषाणूविरुद्ध लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या 'सर्व्हाव्हॅक' या भारतीय लशीला २०२२ साली मान्यता मिळाली. या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे ल्यूपसच्या मुलींना ती देता येते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना शक्यतो तीन मात्रा द्याव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आजार आटोक्यात असताना, डॉक्टरांच्या सल्ल्याने ती घ्यावी. लस घेतली तरी पुढे तपासणी करावीच लागते.

तंबाखू : स्वतःच्या हाताने ओढवलेला धोका

वरील अभ्यासात फुप्फुसाचा कर्करोग थोडा वाढलेला दिसला. याच रुग्णांची अधिक तपासणी केली असता फुप्फुसाचा कर्करोग झालेल्यांपैकी बहुसंख्य लोक धूम्रपान करणारे निघाले. म्हणजे दोष केवळ ल्यूपसला देऊन चालणार नाही. शिवाय धूम्रपान करणाऱ्यांत त्वचेवरील ल्यूपस अधिक जोर करतो आणि औषधांचा गुणही कमी येतो, असे आढळले आहे.

आपल्याकडे बायका विडी-सिगारेट ओढत नाहीत, म्हणून हा मुद्दा आपल्याला लागू नाही, असे कोणी समजू नये. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच होय. सकाळी दात घासायला म्हणून लावलेली मिश्री दिवसातून चार-पाच वेळा कधी लागू लागते, हे कळतही नाही. गुटखा आणि मावा तर शाळकरी मुलांपर्यंत पोहोचले आहेत. ल्यूपसमध्ये तोंडात व्रण येतात. ते बहुधा टाळूवर असतात, फारसे दुखत नाहीत आणि भरून येतात. परंतु तंबाखूची सवय असलेल्या माणसाचा व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड उघडेनासे झाले, तर ते ल्यूपसचे म्हणून सोडू नये.

औषधांचे काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्या माहितीपत्रकातील इशारा खोटा होता का? नाही. पण तो अपुरा होता. कोणत्या औषधाने, किती मात्रेत, किती काळ घेतल्यास काय होते, हे त्यातून समजत नाही.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्यूपसचे पायाभूत औषध आहे. त्याने कर्करोग वाढतो असा पुरावा नाही. उलट काही अभ्यासांत ते घेणाऱ्यांमध्ये काही कर्करोग कमीच दिसले. त्याची खरी काळजी डोळ्यांबाबत आहे. रोजची मात्रा वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवावी लागते आणि डोळ्यांची पडदा-तपासणी सांगितल्याप्रमाणे करावी लागते.

मेथोट्रेक्सेट हे कर्करोगावरही वापरतात, हे खरे. परंतु तेथे त्याची मात्रा कितीतरी मोठी असते. ल्यूपस व संधिवातात ते आठवड्यातून एकदाच, अल्प मात्रेत देतात. एकच विस्तव घर जाळतो आणि चुलीत घातला तर भाकरी भाजतो. ही गोळी चुकून रोज घेतली तर मात्र जिवावर बेतते, म्हणून ठरलेला वार कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

अझाथायोप्रिनविषयीचा इशारा मुख्यतः अवयव-प्रत्यारोपण झालेल्या आणि आतड्याच्या विशिष्ट विकारांच्या रुग्णांमधील अनुभवावर आधारलेला आहे. ल्यूपसमध्ये त्याने लिम्फोमा वाढतो, असे निश्चितपणे सिद्ध झालेले नाही.

सायक्लोफॉस्फामाईड या औषधाबाबत मात्र खरोखर सावध राहावे लागते. ते दीर्घकाळ आणि मोठ्या एकूण मात्रेत घेतल्यास मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, कारण त्याचे एक घातक विघटन-द्रव्य लघवीवाटे बाहेर पडताना मूत्राशयाच्या अस्तराला इजा करते. गर्भाशयमुखावरील बदलांशीही त्याचा संबंध दिसला आहे. २०१४ साली ल्यूपसच्या ७५ लिम्फोमा रुग्णांचा अभ्यास झाला, तेव्हा सायक्लोफॉस्फामाईड आणि स्टिरॉईडची मोठी एकूण मात्रा यांच्याशी काहीसा संबंध सूचित झाला. म्हणूनच डॉक्टर आता ते मोजूनमापून वापरतात. २००२ साली युरोपात पुढे आलेल्या पद्धतीत दर पंधरा दिवसांनी ५०० मिलिग्रॅम अशी सहाच इंजेक्शने, म्हणजे एकूण फक्त ३ ग्रॅम औषध देतात. पूर्वीच्या पद्धतीपेक्षा हे पुष्कळच कमी आहे. ज्यांनी हे औषध कधीही घेतले असेल, त्यांनी त्याची नोंद आयुष्यभर जपावी आणि लघवीत रक्त दिसल्यास, अनेक वर्षांनंतरही, डॉक्टरांना ती नोंद दाखवावी.

आता तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, ते पाहा. उपचार न केलेला मूत्रपिंडाचा ल्यूपस काही महिन्यांत मूत्रपिंडे निकामी करू शकतो. भारतातील ल्यूपस रुग्णांच्या मृत्यूंची प्रमुख कारणे म्हणजे जंतुसंसर्ग आणि मूत्रपिंडांसारख्या महत्त्वाच्या अवयवांवरील ल्यूपसचा हल्ला. कर्करोगाचा क्रमांक त्यांच्या बराच खाली लागतो. दूरच्या आणि लहान धोक्याला घाबरून जवळचा आणि मोठा धोका ओढवून घेणे, हे शहाणपणाचे नव्हे. त्यात स्टिरॉईड एकाएकी बंद केले, तर रक्तदाब खाली जाऊन माणूस कोसळू शकतो. म्हणून औषध कमी करायचे असेल, तर ते डॉक्टरांनीच, टप्प्याटप्प्याने करावे. शंका आली तर गोळी बंद न करता ती घेऊन दवाखान्यात जावे आणि स्पष्ट विचारावे, "डॉक्टरसाहेब, याचा धोका किती, आणि याला पर्याय आहे का?" असे विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.

कमी धोका म्हणजे धोका नाही असे नव्हे

स्तनाचा कर्करोग ल्यूपसच्या स्त्रियांत थोडा कमी आढळतो, हे वर सांगितले. परंतु स्तनाचा कर्करोग भारतीय स्त्रियांत आज पहिल्या क्रमांकावर आहे. ल्यूपस आहे म्हणून या बाबतीत निर्धास्त राहू नये. स्तनात गाठ, कातडी आत ओढली जाणे, बोंडातून रक्तमिश्रित स्राव यांपैकी काहीही दिसल्यास लगेच दाखवावे.

रुग्णाने आणि घरच्यांनी काय करावे?

१) तंबाखू कोणत्याही रूपात घेऊ नये. घरात दुसऱ्या कोणी विडी ओढू नये.

२) तीस वर्षांवरील स्त्रियांनी गर्भाशयमुख, स्तन आणि तोंड यांची तपासणी करून घ्यावी. पुरुषांनी तोंडाची करावी.

३) नऊ ते सव्वीस या वयातील ल्यूपसच्या मुलींसाठी लशीबाबत डॉक्टरांना विचारावे.

४) प्रतिकारशक्ती दडपणारे औषध सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस बी ची रक्ततपासणी झाली आहे ना, हे पाहावे. हा विषाणू यकृताच्या कर्करोगाचे एक कारण आहे आणि अशा औषधांमुळे तो पुन्हा उफाळू शकतो.

५) उन्हात छत्री, पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. त्वचेवरील ल्यूपसच्या जुन्या डागावर न भरणारी जखम किंवा वाढणारा मांसल भाग दिसल्यास दाखवावा. क्वचित त्या जागी कर्करोग होतो.

६) संभोगानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जाणे, बाह्य जननेंद्रियावर सतत खाज वा पांढरा चट्टा, तीन आठवड्यांहून अधिक खोकला, थुंकीतून वा लघवीतून रक्त, विनाकारण वजन घटणे ही लक्षणे लपवू नयेत.

७) एक वही करावी. निदानाची तारीख, प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा, ते कधी सुरू झाले व कधी थांबले, आणि प्रत्येक तपासणीचा दिवस त्यात लिहावा. डॉक्टर बदलले, गाव बदलले, तरी ही वही बदलत नाही.

खर्चाच्या भीतीनेही अनेकजण तपासणी टाळतात. प्राथमिक तपासण्या शासकीय आरोग्य केंद्रांत होतात, आणि कर्करोगावरील अनेक उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट आहेत. रेशन कार्ड व आधार कार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला भेटावे.

समारोप

सभासद बंधू-भगिनींना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या वस्तीत ल्यूपसचा रुग्ण असेल, तर तिला 'या गोळ्या कॅन्सरच्या' असे ऐकीव सांगून घाबरवू नका. इंग्रजी माहितीपत्रक वाचता येत असेल, तर ते तिला समजावून सांगा आणि तिच्यासोबत डॉक्टरांकडे जाऊन उरलेले विचारा. तपासणीला एकटीला लाज वाटते, दोघी-तिघी मिळून गेल्या तर वाटत नाही. शिक्षणाचा उपयोग परीक्षेपुरता नसतो. शेजारणीची भीती कमी करण्यासाठीही तो व्हावा.

ज्या मुलीची हकीकत मी सुरुवातीला सांगितली, ती आज शिक्षिका आहे. गोळ्या नियमित घेते. तिच्या वहीत औषधांच्या पानामागे तपासण्यांचे पान आहे. मागील वर्षी ती तिच्या आईला आणि दोन शेजारणींना घेऊन तपासणीला गेली होती. परत आल्यावर मला म्हणाली, "मावशी, आईची ही पहिलीच तपासणी. मला ल्यूपस झाला नसता, तर तीही कधी गेली नसती."